धोंड्याच्या महिन्यातलं निशाण

पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं, जिथं निजामाचा मुलूख संपून वऱ्हाड लागतं, तिथं एक ओढा आहे. ओढा तो केवढा! उन्हाळ्यात शेळीसुद्धा खूर न भिजवता पार होते. पण त्याच्या अलीकडच्या काठावर करोडगिरीचा नाका होता, नाक्यावर आडवा बांबू होता, आणि बांबूच्या आड उभा राहून पुंजाराम येणाऱ्याजाणाऱ्याला हाक देत असे, "ठैरो!"

माल पलीकडून अलीकडं आला की सरकारी जकात. माल आहे की नाही हे बघायचं तर गाठोडं सोडायचं. आठ वर्षं पुंजाराम गाठोडी सोडत होता. नुसती गाठ बघून तो गाव सांगायचा. ही धाडची, ही सावळीची, ही नव्या सुनेनं घाईत मारलेली. कमरेच्या काळ्या पट्ट्यावर पितळेचा बिल्ला होता, तो रोज राखेनं घासलेला असायचा. आजूबाजूच्या चार गावांत त्याला 'नाक्याचा पुंजाराम' म्हणत, आणि ते ऐकायला त्याला गोड वाटे.

फाल्गुनात त्याच्या पोरीचं बारसं होतं. सासू, झुंबरबाई, सावळीहून गाठोडं घेऊन आली. नेमका त्याच दिवशी वरचा साहेब तपासणीला आलेला. रांगेत चाळीस माणसं. पुंजारामनं सासूचं गाठोडंही सोडलं. एकेक कपडा झटकून मातीत ठेवला. तळाशी तिचं स्वतःचं बदलायचं लुगडं निघालं, सात ठिगळांचं. रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.  खाली बसून झुंबरबाईनं सगळं गोळा केलं, गाठ मारली आणि आल्या वाटेनं ओढा उतरून निघून गेली. बारसं आजीशिवाय झालं. तिसऱ्या दिवशी पुंजारामची बायको दुर्गाबाई तान्ह्या पोरीला काखेत मारून माहेरी गेली, ती गेलीच.

चैत्र सरला, वैशाख सरला. तो दोनदा आणायला गेला, दोनदा हात हालवत परत आला. घरात आईच्या खोकल्याशिवाय आवाज नव्हता.

मग त्या साली अधिक श्रावण आला, सत्तेचाळीसचा. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, हे काही कुणाच्या मर्जीवर नसतं. भांडण असो, अबोला असो, बोलावणं धाडावंच लागतं. सासरच्यांनी ते शेवटापर्यंत ताणलं. अवसेला महिना संपणार, आणि तिच्या आदल्या दिवसाचं बोलावणं आलं. तो दिवस म्हणजे पंधरा ऑगस्ट.

सुट्टी मागायला तो नाकेदारांपुढं उभा राहिला. नाकेदार हैदराबादकडचे वयस्क गृहस्थ होते, चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून बोलत.

"जाव मियाँ, धोंडे खाके आव," ते म्हणाले. "पर सुनो. उधर आज झंडा है. अंग्रेज गया उनका. अपने को क्या करना? बिल्ला इधरच छोडके जाव."

"जी, बिलकुल," पुंजाराम म्हणाला, आणि बिल्ला लावूनच गेला. सरकारी नोकरीतला जावई बिल्ल्याशिवाय पाटावर बसला तर तो कसला जावई?

सावळीत सासरा कडूबा ओट्यावरच भेटला. पायांवर पाणी घातलं, टॉवेल दिला. आत चुलीजवळ झुंबरबाईची पाठ दिसत होती. ती वळली नाही. दुर्गाबाई उंबऱ्यात आली, पोर कडेवर.

"आलात?"

"बोलावणं आल्तं म्हून आलो."

"बोलावणं धोंड्याचं हाय. माझं न्हाई."

"सांजच्याला चल ना घरी. माय खोकून राह्यली, तिला भाकर कोन टाकंल?"

"आईला इचारा."

"मामी बोलंनात माझ्याशी."

"मंग झालं तर," असं म्हणून तिनं पोरीचं नाक पुसलं.

पुंजारामनं इकडंतिकडं पाहिलं. पाट मांडलेला नव्हता. रांगोळी नव्हती. कडूबा मुंडासं बांधून निघायच्या तयारीत होता.

"मामा, जेवन?"

"व्हईल की! आधी निशान. समदं गाव माझ्या हिरीवर जमून राह्यलं. चला तुमी बी."

"अन् जावयाला ताटकळत ठिवणार?"

"जावईबापू," कडूबा हसला, "तुमी दर तीन सालाला येता. हे निशान मला साठ वर्षांत पयल्यांदा येऊन राह्यलं."

वाटेनं कडूबानं सगळी हकिकत सांगितली. निशाण बुलढाण्याहून आलं तेव्हापासून गावात तीन दिवस एकच तंटा. ओढायचं कुणी? काकासाहेब पाटील म्हणाले, पोळ्याला तोरण तोडायचा मान आमच्या बैलांचा, तेव्हा हाही आमचाच. भंवरलाल दुकानदार म्हणाला, खांब माझा, सागाचा, नवा कोरा. शाळेचे मास्तर म्हणाले, निशाणाचा अर्थ गावात मला एकट्याला माहीत. रात पडेतो बोलणी आणि सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी कडूबानं तोंड उघडलं. म्हणाला, पावसाळ्यात मोट रिकामी टांगलेली हाय. मोटेचं चाक खांबाच्या शेंड्याला लावा, मोटेचा नाडा त्याच्यावरून घ्या, आणि ज्याला हात हाय त्यानं नाडा धरून धावेवरून चालत जावं.

"पावशेर फडक्याला शंभर मानसं?" पाटलांनी विचारलं होतं.

"फडकं हलकं हाय, पाटील. पर एकट्यानं वढलं तर उद्या तो म्हनल, म्याच वढलं."

मग तसंच ठरलं. नाडा पुरेना, म्हणून गावकुसाबाहेरच्या धर्मराजनं, जो गावाचे सगळे दोर वळायचा, तीन दिवस अंबाडी वळून त्याला दुसरा तेवढाच दोर जोडला.

धाव म्हणजे विहिरीच्या काठापासून उतरत गेलेली बैलांची वाट. बैल तिच्यावरून खाली जातात तशी मोट वर येते. कडूबाची धाव गावात सर्वांत लांब. आज ती शेणानं सारवली होती. विहिरीच्या तोंडाशी सागाचा खांब आभाळात गेलेला, शेंड्याला मोटेचं जुनं लाकडी चाक, आणि तिथून उतरलेला दोर धावेवर लांबच लांब पडलेला. माणसं दोन्ही बाजूंनी उभी होती, पण दोराला हात कुणी लावत नव्हतं. कोण पुढं, कोण मागं, कुणाच्या शेजारी कोण, हा विचार प्रत्येकाच्या डोळ्यांत वाचता येत होता.

धर्मराज दोराच्या शेपटाशी, सर्वांपासून लांब, एकटा उभा होता. जोड नीट बसलाय का ते बघायला म्हणून त्यानं दोर उचलला, आणि तो तसाच धरून राहिला.

काकासाहेब पाटील चालत आले. सगळ्या गावाची नजर त्यांच्या पायांवर. ते विहिरीच्या बाजूला, अगदी पुढं जातील असं पुंजारामला वाटलं. ते अर्ध्यावर थांबले. खांबाकडं वर पाहिलं, मग खाली दोराकडं. मग त्यांनी कर्र कर्र वाजणारे जोडे काढून बाजूला ठेवले आणि उतारावरून खाली, शेपटाकडं गेले. धर्मराज दचकून मागं सरकला.

"सोडू नको रं," पाटील म्हणाले. "तू वळलाय, तुला ठावं हाय किती ताण सोसंल." आणि त्यांनी त्याच्या मागं, दोराचं शेवटचं टोक हातात घेतलं.

 नाक्यावर पुंजारामनं आठ वर्षं रांगा लावल्या होत्या. पाटील, देशमुख कधी रांगेत राहत नसत. त्यांच्यासाठी बांबू आपोआप वर जाई. इथं बांबू कुणी उचलला नव्हता, कुणी हुकूम दिला नव्हता. एक माणूस आपल्या पायांनी खाली उतरला होता, एवढंच. आणि एवढ्यानं बांध फुटावा तशी माणसं दोराकडं धावली. तेली, कुणबी, वंजारी, मशिदीतले दादामियाँ, भंवरलाल आणि त्याचा म्हातारा बाप, जो मिळेल तिथं, ज्याच्या शेजारी मिळेल त्याच्या शेजारी.

बायका लांब उभ्या होत्या. झुंबरबाईनं पदर कमरेला खोचला, दोन गड्यांच्या मधे घुसली आणि दोर पकडला.

"झुंबरमावशी, तुझ्या हाताला फोडं येतील!" कुणीतरी थट्टा केली.

"जात्याच्या खुट्यानं आलेली बुजली न्हाईत अजून," ती म्हणाली. "मुकाट्यानं सरक तिकडं."

दुर्गाबाई पुंजारामकडं आली आणि पोर त्याच्या हातात दिली.

"धरा हिला. मला दोर धरायचाय."

"अन् मी?"

तिनं त्याच्या कमरेकडं पाहिलं. बिल्ला उन्हात चकाकत होता. ती वळली आणि आईच्या मागं जाऊन उभी राहिली.

पुंजाराम पोरीला घेऊन बाजूला राहिला. जाईन म्हटलं तर जाता आलं असतं. कुणी अडवलं नव्हतं. पण ओढ्यापलीकडचं नाक्याचं छप्पर दिसत होतं, म्हणजे नाक्यावरूनही हे सगळं दिसत असणार.

कडूबानं निशाण दोराला बांधलं. तो स्वतः पुढं जाऊन खांद्यावर दोर घेऊन उभा राहिला, मोटेवर बैलांना हाक देतो तशी हाक दिली, आणि मोटेवरचंच गाणं उचललं. दुसरं कुठलं त्याला येत नव्हतं.

*चढ चढ मोटंबाई, ओठ भरून ये,*
*कोरड्या गं पाटाला तू ओल धरून ये.*

शंभर माणसं दोर खांद्यावर घेऊन उतारानं चालू लागली. चाक कुरकुरलं. आणि तेव्हा पुंजारामच्या लक्षात आलं की गावानं एक गोष्ट ध्यानातच घेतली नव्हती. मोट ओढणाऱ्या बैलांना मोट दिसत नाही. सगळ्यांच्या पाठी खांबाकडं होत्या. धाव सारवलेली, पाय घसरू नये म्हणून प्रत्येकाची नजर खाली. निशाण वर चाललं होतं आणि ज्यांनी ते वर नेलं त्यांतल्या एकालाही ते दिसत नव्हतं.

दिसत होतं फक्त त्याला, आणि त्याच्या खांद्यावरच्या सहा महिन्यांच्या पोरीला.

आधी ते विहिरीच्या काठाला घसटत गेलं, चुरगळलेलं, लुगड्याच्या बोळ्यासारखं. मग माणसाच्या उंचीएवढं झालं. मग छपराच्या वर. तिथं त्याला वारा लागला. वाऱ्यानं आधी केशरी कड सोडवली, मग पांढरं पोट उघडलं, मग हिरवी किनार झटकली, आणि मधलं निळं चाक एकदम पूर्ण दिसलं. कुणी हात न लावता ते कापड आपलं आपण उलगडलं. पुंजारामनं आयुष्यात हजारो कपडे उलगडलेले पाहिले होते, सगळे त्याच्या हातांनी, सगळे मातीत. असा उलगडलेला त्यानं पाहिला नव्हता.

पोरीनं तोंड उघडून वर पाहिलं आणि दोन्ही मुठी हवेत फेकल्या.  त्या कापडाखाली, उतारावर, पाठी होत्या. नुसत्या पाठी. उघड्या, बंडीतल्या, लुगड्यातल्या. घामाचे डाग सगळ्यांवर सारखे. त्यातली पाटलाची कुठली आणि धर्मराजची कुठली हे त्याला इथून ओळखू येईना. दोर एकाच वेळी सगळ्यांच्या खांद्यांवरून गेला होता.

चाक कचकन वाजलं. निशाण शेंड्याला भिडलं होतं. आणखी दोन पावलं, आणि कापड चाकात जाऊन फाटलं असतं.

"वर गेलं का?" खालून कडूबा ओरडला.

"गेलं का?" दुसरा ओरडला. "सांगा रं कोनी!"

सांगणार कोण? सगळेच दोरावर. पुंजाराम अजून वरच बघत होता.

"जावईबापू!"

आवाज झुंबरबाईचा होता. फाल्गुनापासून तिनं त्याला हाक मारली नव्हती. मान न वळवता, खांद्यावरचा दोर घट्ट धरून ती ओरडत होती. "अवो जावईबापू, वर गेलं का न्हाई? डोळे काय ते तुमचेच हायेत आज! सांगा की जल्दी!"

आणि पुंजारामनं तोंड उघडलं. आठ वर्षांत जी एकच हाक त्याच्या तोंडात बसली होती तीच निघाली, इतक्या जोरात की ओढ्याच्या पल्याड गेली असेल.

"ठैरो!"

शंभर माणसं एका पावलात थांबली. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. हसता हसता वळले आणि वर पाहिलं, आणि हसू तोंडावरच राहून गेलं. पुंजारामनं तेव्हा निशाणाकडं पाहिलं नाही. तो त्या तोंडांकडं बघत होता. म्हातारा कडूबा डोळ्यांवर हात धरून उभा, मुंडासं सुटून खांद्यावर आलेलं, त्याचं भान नाही. पाटील अनवाणी. धर्मराजनं दोर अजून सोडला नव्हता.

घरी आल्यावर पाट मांडला गेला. झुंबरबाईनं स्वतः ताट वाढलं, पितळी परातीत तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा. पुंजाराम पाटावर बसला, पण त्याचा हात ताटाकडं गेला नाही.

"जावई रुसला!" शेजारची बाई खिदळली. "काय पाह्यजे इचारा. आंगठी का घड्याळ?"

"मामी," पुंजाराम म्हणाला, "ते गाठोडं म्या सोडायला नको होतं."



"सायब उभा होता," झुंबरबाई म्हणाली. "नोकरी हाय तुमची."

"सायब नसता तरी सोडलं असतं. खरं सांगतो. गाठ दिसली की माझा हात जातो. समोर मानूस हाय, हे ध्यानातच येत न्हाई."

झुंबरबाईनं दिव्याची वात पुढं सारली. मग म्हणाली, "मंग मागनं काय हाय तुमचं?"

"आज दुर्गीसंगं तुमी बी चला. नाक्यावरून. गाठोडं घेऊन."

"अन् परत सोडलं तर?"

त्याचा हात कमरेच्या बिल्ल्यावर गेला.  "खा आता," ती म्हणाली. "तूप थिजून राह्यलं."

दुपार कलल्यावर चौघं ओढ्यात उतरली. पाणी गुडघ्याला होतं. नाक्यावर बाजारकऱ्यांची रांग होती. पुंजारामनं बायकोला, सासूला रांगेच्या शेवटी उभं केलं आणि एकटाच पुढं गेला. नाकेदार मेजाशी बसले होते. त्यानं पट्टा सोडला, बिल्ल्यासकट मेजावर ठेवला.

नाकेदारांनी चष्म्यावरून पाहिलं. "सोच लिया?"

"जी."

"घर में बुढी माँ है तेरी."

"दोन एकर जमीन हाय, साहेब. कसीन."

नाकेदारांनी ओढ्यापलीकडं पाहिलं. तिथं झाडांच्या वर एक इवलासा रंगाचा तुकडा हालत होता. "इधर से भी दिखा," ते हळूच म्हणाले. "सब रांग छोडके देखने लगे. मैंने रोका नहीं."

पुंजाराम परत येऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. आठ वर्षं तो रांगेला बाहेरून बघत आला होता. आतून तिला पाठी असतात, हे त्याला आज कळत होतं. रांग मुंगीच्या पावलानं सरकली. बांबूपाशी त्याचा जोडीदार कचरू उभा होता.

"अरं पुंजा! तू काहून रांगेत? ये ना इकडून."

"ऱ्हाऊ दे. बराबर हाय."

कचरूचा हात सवयीनं गाठोड्याकडं गेला, आणि पुंजारामच्या मोकळ्या कमरेकडं पाहून अधांतरी थांबला.  मग त्यानं, बहुधा नोकरीत पहिल्यांदाच, विचारलं, "काय हाय मामी यात?"

"अनारसे," झुंबरबाई ताठ मानेनं म्हणाली. "अन् माझं एक जुनं लुगडं."

कचरूनं मेजाकडं बघितलं. नाकेदारांनी मान वर केली नाही. "अम्मा बोल रही हैं ना?" ते म्हणाले. "वैसाच लिखो. जाने दो."

बांबू वर गेला. दुर्गाबाई पोरीला घेऊन पुढं निघाली, घराच्या वाटेला लागली, आणि आपली माणसं मागं येतायत का हे बघायला एकदाही थांबली नाही. पुंजारामनं गाठोडं डोक्यावर घेतलं. उद्यापासून काय, याची धास्ती होती, पण पाय हलके पडत होते.

थोडं गेल्यावर झुंबरबाई त्याच्या बरोबरीनं चालू लागली.

"जावईबापू, एक इचारू?"

"इचारा ना, मामी."

"वर जाताना ते कसं दिसत व्हतं? आमच्या तर समद्याइच्या पाठी व्हत्या. आमी पाह्यलं ते वर गेल्यावर. जाताना तुमीच पाह्यलं."

पुंजारामनं सांगायला तोंड उघडलं.  डोक्यावरचं गाठोडं एका हातानं सावरत, दुसऱ्या हातानं हवेत विहिरीचा काठ दाखवत तो म्हणाला, "आधी काय बी न्हवतं, मामी. नुसता बोळा. मंग वारं आलं..."

आणि गाव येईपर्यंत तो तेच सांगत राहिला. दुर्गाबाईची चाल पुढं जरा मंदावली होती, ऐकू यावं म्हणून.